कौसाआत्या दगडात बसली

माझ्या कौसाआत्यानं सासर सोडलं ते तिथल्या पाण्यामुळं, असं आमच्या घरात सांगितलं जायचं. सासरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्यात डाळ शिजत नव्हती, म्हणून एका सकाळी ती पितळी तांब्या आणि लुगड्यांचं बोचकं घेऊन माहेरी आली ती परत गेलीच नाही. याहून जास्त कोणी विचारलं तर ती म्हणायची, "जिथं डाळ शिजत न्हाई तिथं माणसानं काय करावं?" आणि लगेच विचारणाऱ्याच्या घरी डाळ शिजते का, किती वेळात शिजते, याची चौकशी सुरू करायची. त्यामुळं दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्यात होती. दादा म्हणजे माझे वडील तिच्याहून लहान, ते तिला अक्का म्हणायचे आणि मायही अक्काच म्हणायची. घरात शेत दादांचं, चूल मायची आणि बाकी सगळं आत्याचं, अशी वाटणी होती. बाकी सगळं म्हणजे काय, ते आत्या रोज सकाळी उठून ठरवायची.

आमचं गाव साखऱ्याच्या पुढं, टेकाडाच्या पायथ्याला. खालचं रान काळं, वर जावं तसं पातळ होत जाणारं, आणि टेकाडावर आमचं बरड. त्या बरडात दादांनी तूर पेरून पाहिली, करडई पेरून पाहिली, एकदा सीताफळाची रोपं लावली. ती रोपं शेळ्यांनी खाल्ली. दादा म्हणायचे, त्या वर्षी बरडात शेळ्याच तेवढ्या चांगल्या पोसल्या. त्यामुळं साखऱ्याकडून आमच्या गावापर्यंत डांबरी सडक करायचं ठरलं आणि बाहेरगावचा एक ठेकेदार खडीसाठी दगड शोधत आला, तेव्हा दादांना आभाळ ठेंगणं झालं. ज्या रानातला दगड वेचता वेचता त्यांच्या बापाची कंबर वाकली, तो दगड आता कोणी तरी मागायला आला होता. दादांनी त्याला आग्रह करकरून धपाटे वाढले आणि बरडाकडं बोट दाखवून म्हटलं, "घ्या, पाहिजे तेवढा घ्या. पेरायची तकलीफ न्हाई, काढायचीच हाय."

खदान सुरू झाली आणि आमच्या घराचं वेळापत्रक दगडावर चालू लागलं. रोज दुपारी जेवणाच्या सुमाराला सुरुंगाचा बार व्हायचा. आधी शिट्टी वाजायची, मग थावरा मुकादमाची आरोळी यायची, "बाऽऽर हाय, बाऽऽर!" थावरा पलीकडच्या तांड्यावरचा, त्याचा आवाज इतका मोठा होता की बाराची भीती त्याच्या आरोळीनंच निम्मी संपून जायची. मग धाडकन आवाज, आणि त्यानंतर थोडा वेळ आमच्या फळीवरची भांडी आपसात बोलायची. म्हैस पान्हा चोरू लागली. कोंबड्या भलत्याच ठिकाणी अंडी घालू लागल्या. तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी बाराच्या हादऱ्यानं खाली बसते, अशी मायची पक्की समजूत होती. ती बसलेली भाकरी माय न चुकता दादांच्या ताटात वाढायची, कारण खदानीला जागा त्यांनी दिली होती.

मी तेव्हा बारावी पास होऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे पहाटेपासून राबत होते. पण शाळा सुटलेल्या पोरीच्या राबण्याला आमच्याकडं घरी बसणंच म्हणतात. मला पुढं शिकायचं होतं. हे मी मायला सांगितलं, मायनं दादांना सांगितलं, आणि दादांनी कुणाला न सांगता स्थळं बघायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. हिंगोलीला कॉलेजात पोरगी कशाला गेली, असं गावानं विचारलं तर सांगायचं काय? शिकायला गेली, हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. गावातली दुसरी कोणाची पोरगी तोवर गेली नव्हती, आणि पहिलं उत्तर द्यायची पाळी आपल्यावर यावी अशी त्यांची इच्छा नव्हती.

दादांना खदानीत काही काम नव्हतं. तरी ते रोज सकाळी छत्री घेऊन जायचे आणि एका दगडावर बसून आपलं टेकाड फुटताना बघायचे. जागामालक समोर नसला तर दगड चुकीचा फुटेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. त्यांची भाकरी घेऊन आत्या जायची आणि पाण्याची कळशी घेऊन तिच्या मागून मी. असेच एका दुपारी आम्ही पोचलो तेव्हा नुकताच बार झाला होता, धुरळा बसत होता, आणि सगळे मजूर काळ्या भिंतीसमोर घोळका करून उभे होते. भिंतीला खाली एक भगदाड पडलं होतं. थावरा म्हणाला, "अक्का, पुढं जाऊ नका. आत काय हाय ठाऊक न्हाई." आत्याला पुढं पाठवायचं असेल तर याहून चांगलं वाक्य नव्हतं. तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला, वाकली आणि आत गेली.

बराच वेळ आतून आवाज आला नाही. आत्या जागी आहे आणि आवाज नाही, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. दादा घाबरले.

"अक्का, साप हाय का?"

"न्हाई."

"मग काय हाय?"

मग हळू आवाजात, "इमे, तू ये आत." माझं नाव विमल, पण आत्याच्या तोंडी ते कधीच पूर्ण आलं नाही.

आत आम्ही दोघी उकिडव्या बसलो तर डोकं वर टेकत होतं. बाहेरून सगळा काळाभोर फत्तर आणि आत मात्र वर, खाली, बाजूला, नुसते खडे उगवलेले. काही पांढरे, काही फिकट गुलाबी, मधोमध आवळून बांधलेल्या ज्वारीच्या पेंढीसारखे, दोन्ही टोकांना पिसारलेले. काही हिरवट, चौकोनी, काचेच्या बुचासारखे, इतके स्वच्छ की पलीकडचं बोट दिसावं. काही गुळाच्या खड्यासारखे पिवळे. एका कोपऱ्यात उमललेल्या कापसाच्या बोंडासारखे गोळे होते. मी हात लावला तर बोटात सुया शिरल्या. भिंतींना ओली हिरवी माती होती, ती माझ्या परकराला आणि आत्याच्या लुगड्याला लागली आणि पुढं कित्येक दिवस माय ती धुता धुता बोलत राहिली. भगदाडातून ऊन आत आलं तसा एकेक खडा उजळू लागला. आत्या म्हणाली, "हे इथं कवापासून हाय गं?" मला काय सांगता येणार होतं? ती पुन्हा म्हणाली, "आपल्या बरडात. आपुन वरून नांगर फिरवून राहिलो, अन् हे खाली."

दुसऱ्या दिवसापर्यंत गावातल्या प्रत्येकानं एकेक तुकडा नेला आणि प्रत्येकाचं मत वेगळं निघालं. कोणी म्हणालं तुरटी आहे, आणि दाढीला लावून गाल खरवडून घेतला. कोणी म्हणालं खडीसाखर आहे, आणि दाताला हात लावत परत आलं. मायनं दोन चांगले जड गोळे पाहून कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवले. परवा माझ्या सुनेनं पुण्याहून मला फोनवर एक फोटो पाठवला. लाकडी बैठकीवर तसाच हिरवा खडा, आणि खाली लिहिलेलं की हा घरात ठेवला तर मनाला शांती मिळते. मी तिला कळवलं, असे आमच्या घरात पोत्यांनी होते, आणि त्या काळाइतकी अशांती आमच्या घरात ना आधी कधी होती ना नंतर.

कारण दादांच्या मनानं घेतलं होतं की हे हिरे आहेत. तसं ते बोलले नाहीत. पण त्यांची चाल बदलली. सदऱ्याच्या खिशात हात घालून ते चालू लागले. कोणी खड्यांबद्दल विचारलं की "काई न्हाई, काई न्हाई" असं इतक्या घाईनं म्हणायचे की ज्याला संशय नव्हता त्यालाही यायचा. शेवटी त्यांनी ठरवलं की वसमतला जाऊन सोनाराला दाखवायचं. सेनगावात नको, हिंगोलीत नको, तिथं ओळखीचे भेटतात. वसमत लांब, तिथं आपल्याला कोण ओळखतो? बरोबर आत्या निघाली, कारण खडे तिनं शोधले होते, आणि मी निघाले, कारण आत्यानं मला ओढलं. खडे भाकरीच्या डब्यात, भाकरीच्या खाली. दादांच्या दुर्दैवानं वसमतला हळदीचा बाजार होता. हिंगोलीला एसटी बदलून बसलो तर आमच्या पंचक्रोशीतली निम्मी माणसं आधीच आत. "पाटील, हळद कुठं हाय तुमची?" असं जो तो विचारत होता, आणि दादा डबा मांडीवर घट्ट धरून म्हणत होते, "मागून येऊन राहिली."

सोनार म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्यानं खडा हातात घेतला, उजेडात फिरवला, चाकूच्या टोकानं एक ओरखडा काढला. ओरखडा उमटला तसा दादांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, "वरचा थर कच्चा असंल." सोनारानं खड्याची कपची चिमट्यात धरली, दिवा पुढं ओढला आणि फुंकणीनं ज्योत त्याच्यावर सोडली. खड्यानं आधी चर्र आवाज केला. मग त्याचे पापुद्रे सुटले, मग तो वळवळला, फुगला, आणि पांढराफटक होऊन ज्वारीच्या लाहीसारखा चिमट्यात बसला.

"पाटील," सोनार म्हणाला, "हिरा असा फुगत नसतो."

"तुमी लई गरम केला," दादा म्हणाले. "एवढं गरम केलं तर मीबी फुगंन."

"यात पाणी असंल. पाणी उडालं की फुगतंय."

आत्या इतका वेळ बाकावर बसून होती ती पुढं सरकली. "दगडात पाणी?"

"दुसरं काय फुगवंल, बाई?"

"गोडं का मचूळ?"

सोनारानं चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडं नीट बघितलं. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. "ते मला सांगता येनार न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला. आत्यानं डब्यातून आणखी एक खडा काढला. "अजून एक फुगवा की." त्यानं फुगवला. मग तिनं गुलाबी फुगवून मागितला, तोही फुगला, अळीसारखा वळत वळत. तोवर दुकानाच्या दारात हळदवाले जमले होते, आमच्याच एसटीतले. संध्याकाळी आम्ही गावात उतरलो त्याआधीच बातमी उतरली होती. पारावरून कोणीतरी हाक दिली, "या, लाहीवाले पाटील!"

हे नाव दादांना लागलं ते फार लागलं. त्यांनी खदानीत जाणं बंद केलं. भाकरी बसलेली असो की फुगलेली, ते काही बोलायचे नाहीत. त्यातून एका रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, "ते भगदाड उद्या उडवून टाकाया सांगितलंय. ठेकेदार म्हणत होता तिथलाच दगड चांगला हाय. जाऊ दे एकदाचं."

माय म्हणाली, "बरं झालं." आत्यानं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला होता, तो तसाच हातात धरून ती बसून राहिली. मग तिनं तो खाल्ला, ताट धुतलं आणि जाऊन झोपली. तिनं वाद घातला नाही, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

सकाळी आत्या घरात नव्हती. थावराचा निरोप आला: अक्का भगदाडात बसली आहे आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. आम्ही धावत टेकाडावर गेलो. आत्या आत मांडी घालून बसली होती. खाली वाकळ अंथरलेली, शेजारी पाण्याचा तांब्या, भाकरीचं गाठोडं आणि मिस्रीची डबी. पूर्ण तयारीनं गेली होती. बाहेर ठेकेदार येरझाऱ्या घालत होता. त्याची अडचणही खरी होती. सुरुंगवाला उद्यापासून दुसऱ्या कामावर जाणार होता; ऊन उतरायच्या आत बार झाला नाही तर खडी फोडायचं क्रशर नुसतं उभं राहणार होतं. वरच्या बाजूला भोकं पाडून झाली होती, दारू भरायची बाकी होती, आणि सुरुंगवाला आपली पेटी मांडीजवळ घेऊन लांब बाभळीखाली बसला होता. बाईमाणूस आत असताना आपण पेटीचं झाकणही उघडणार नाही, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

ठेकेदाराला राग आला की तो हिंदीत जायचा. "माताजी, बाहर आइए! सडक तुम्हारेही गाँव की है!"

आतून आत्या म्हणाली, "मग? सडक काळ्या दगडाची कर ना बाप्पा. पांढरं काहून पाहिजे तुला?"

गाव जमलं. बायकांमध्ये कुजबुज झाली की कौसाबाईच्या अंगात आलं आहे, तिथं देवीचं ठाणं आहे. कोणीतरी हळदकुंकू आणलं, कोणीतरी नारळ फोडून भगदाडाच्या तोंडाशी ठेवला. मला वाटलं आता आत्या वाचली. देवी म्हटल्यावर ठेकेदार काय, सरकारही हात लावणार नाही. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण आत्यानं हात बाहेर काढून नारळाची एक भकल आत घेतली आणि खात खात म्हणाली, "देवी न्हाई अन् काई न्हाई. मीच हाय. देवी असती तर तिनं तिचं बघून घेतलं असतं. मला काहून बसावं लागलं असतं?" बायका हिरमुसल्या. एकीनं उरलेला अर्धा नारळ उचलून परत नेला.

मग दादा पुढं झाले. सगळ्या गावासमोर त्यांना हे करावं लागत होतं, आणि गाव त्यांना अजून लाहीवाले म्हणत होतं. ते भगदाडासमोर उकिडवे बसले.

"अक्का, ऐक माझं. हिरा न्हाई तो."

"मला ठाऊक हाय. म्या कवा म्हणलं हिरा? तूच म्हणला."

"मग काहून बसली तू?"

मिस्री लावलेलं बोट आत्यानं तांब्यातल्या पाण्यानं धुतलं. "चांगलं दिसून राहिलंय म्हणून," ती म्हणाली. "माझ्या उभ्या जन्मात एवढं चांगलं काई मी पाहिलं न्हाई, नामा. ते फोडून त्याच्यावरून गाड्या न्यायच्या? पाहू तर दे मला."

हिरा आहे म्हटलं असतं तर सोनार होता, देवी म्हटलं असतं तर भगत होता; पण चांगलं दिसतं, यावर गावात कोणाकडं इलाज नव्हता. मी आत वाकून बघितलं. आत्या रडत वगैरे नव्हती. ती खरंच बघत होती, एकेका खड्याकडं, जणू बाहेर आम्ही कोणी नव्हतोच.

तोंड उघडलं ते थावरानं. तो ठेकेदाराला म्हणाला, "शेठ, एक सांगू का? ही पांढरी दगडं खडीत चालतच न्हाईत. भुगा होतो त्याचा. सडकेचा सायब मागच्या खेपेला वरडला होता. आपुन ते बाजूलाच फेकून देणार हाव. मग फेकायचंच हाय तं हातानं काढून फेकू. बाईबी निघंल, बारबी व्हईल." ठेकेदारानं सूर्याकडं बघितलं, सुरुंगवाल्याकडं बघितलं, आणि मराठीत परत आला. "काढा," तो म्हणाला. "पण लवकर."

आत्यानं आतूनच अटी सांगितल्या. खडा फुटता कामा नये, सुयांच्या गोळ्याला कोणी हात लावायचा नाही, आणि सगळं निघाल्याशिवाय ती निघणार नाही. मग जे झालं ते आमच्या गावानं कधी लग्नातही केलं नव्हतं. तांड्यावरची माणसं आणि गावातली माणसं सब्बल, छन्नी, हातोडी घेऊन भिडली. घराघरातून वाकळा आल्या, पोत्यांत तुरीचं कुटार म्हणजे भुसकट भरून आलं. आत्या आत बसून हुकूम सोडत होती, "हळू रे, ते काय तुझ्या सासऱ्याचं डोस्कं हाय का?" माय रागारागानं आली होती, पण कुटार नीट भरता येत नाही हे पाहून तिला राहवेना, तिनं पोतं हिसकावलं आणि अंडी भरावीत तसे खडे भरू लागली. अगदी मागच्या कोपऱ्यात सगळ्यात मोठा हिरवा गड्डा होता, टोपल्याएवढा. तिथं कोणाचा हात पोचेना. दादांनी छत्री बाजूला ठेवली आणि पोटावर सरपटत आत गेले. आतून त्यांचा आणि आत्याचा बराच वेळ वाद ऐकू येत होता. मग ते उघड्या डोक्यानं बाहेर आले, हिरव्या मातीनं माखलेले, आणि छातीशी धरलेला तो गड्डा त्यांच्या पटक्यात गुंडाळलेला. माझ्याजवळून जाताना ते हळूच पुटपुटले, "इतक्यातला एखादा तरी असंलच की."

शेवटी आत्या निघाली. तिनं आत हात फिरवून सगळीकडं चाचपलं, वाकळ झटकली, मिस्रीची डबी कनवटीला लावली आणि सुरुंगवाल्याला म्हणाली, "कर आता तुझं." ऊन कलायच्या आत बार झाला. या खेपेला सगळं गाव लांब उभं राहून बघत होतं. धुरळा खाली बसला तेव्हा तिथं नुसती काळी भिंत होती. आत्या पाठ फिरवून घराकडं चालू लागली होती; तिनं मागं पाहिलं नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर दगड, कोठीत दगड, बाजेखाली दगड. झोपेत कूस बदलली की पाठीला सुई लागायची. एका पाहुण्यानं उशी समजून एका पोत्यावर डोकं ठेवलं, तो पुन्हा मुक्कामी आला नाही. मायनं जाहीर केलं की एक तर दगड राहतील नाहीतर ती. आत्या म्हणाली, "तू कुठं जाशील?" माय म्हणाली, "जिथं डाळ शिजंल तिथं." आत्याला आयुष्यात कोणी गप्प केलेलं मी तेवढंच पाहिलं.

सुटका झाली ती सडकेच्या सायबामुळं. त्यानं हा किस्सा हिंगोलीत कोणाला तरी सांगितला, आणि एका रविवारी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर स्कूटरवरून आमच्या दारात आले. तरुण होते, शर्टाच्या खिशात भिंग. ओसरीवर पाऊल टाकलं आणि ते जे थबकले, ते पाणी मागायलाही विसरले. मग चपला काढून, गुडघ्यावर बसून, पोत्यामागून पोतं उघडत त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. पेंढीसारखा तो स्टिल्बाइट, हिरवा चौकोनी अपोफिलाइट, सुयांचा तो स्कोलेसाइट, गुळासारखा तो कॅल्साइट. आपला काळा दगड म्हणजे कधीकाळी वाहून थिजलेला लाव्हारस, ते म्हणाले. त्यात बुडबुडे राहिले, बुडबुड्यांत पाणी झिरपलं, आणि त्या पाण्यातून हे खडे लाखो वर्षं वाढत बसले. यातल्या बऱ्याच खड्यांच्या घराण्याला झिओलाइट म्हणतात, म्हणजे उकळणारा दगड, कारण तापवलं की फुगतो.

"म्हणजे सोनारानं बराबर केलं," दादा म्हणाले. मग जरा घुटमळून, "यात हिरा?"

"नाही हो."

"एखादा?"

"एकही नाही."

दादांनी सुस्कारा टाकला. तेव्हापासून त्यांचं मन ताळ्यावर आलं असं माय म्हणते. सरांनी विचारलं, हे कॉलेजच्या संग्रहात द्याल का? मुलांना बघायला मिळेल. आत्यानं त्यांना समोर बसवून घेतलं. काचेचं कपाट आहे का? आहे. कुलूप? आहे. आणि धूळ रोज कोण पुसतं? सर म्हणाले, शिपाई आहे.

"शिपाई तुमचं टेबल पुसतो का रोज?"

सर खरं बोलणारे होते. ते म्हणाले, नाही.

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. "दगडं आमची, अन् लोकाच्या घरी धूळ खात पडायची? आमची इमल येईल पुसाया."

मी भाकरी थापत होते, माझा हात परातीतच राहिला. सर म्हणाले, तसं कोणालाही आत सोडता येत नाही, कॉलेजात शिकणारी असावी लागते. आत्या म्हणाली, "मग शिकवा की. बारावी झालेली हाय, सायन्स का काय ते. धूळ पुसून उरलेल्या वेळात काय करंल ती तिथं?" दादांनी तोंड उघडलं, "अक्का, पण तिचं लगीन—" आणि आत्यानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. दादांनी आजूबाजूला पाहिलं, पोती पाहिली, मायकडं पाहिलं. मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "दगडं गेली तर घर मोकळं व्हईल." दादांना गावाला द्यायला उत्तर मिळालं होतं. ते त्यांना इतकं पसंत पडलं की पुढची सगळी वर्षं, कोणी विचारलं की ते ठसक्यात सांगायचे, "शिकाया न्हाई गेली ती. आमची दगडं हायत तिथं, ती राखाया गेली." आणि मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा पारावर पेढे वाटताना म्हणाले, "दगडं राखता राखता पास झाली पोरगी."

खरं सांगायचं तर कपाट मी रोज पुसलं. आधी आत्याच्या धाकानं, मग सवयीनं, आणि मग त्या खड्यांची नावं, त्यांच्या कडा, त्यांचे कोन माझे झाले म्हणून. पुढं सगळा जन्म मी दगडच शिकवले, वसमतला, आणि आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. या खेपेला खरोखरच बसले आहे.

शिक्षण झाल्यावर स्थळं पुन्हा येऊ लागली. दादा पाहुण्यांशी शेताचं, पावसाचं बोलत बसायचे. आत्या मात्र चहाचा ट्रे ठेवला गेला की मुलाच्या समोर बसायची आणि एकच गोष्ट विचारायची, "आमची पोरगी दगडं जमवती. तुमच्या घरी ठेवाया जागा हाय का?" बहुतेकजण आधी हसायचे, मग एकमेकांकडं बघायचे, मग चहा संपवून निघायचे. कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. एकदा असाच एक मुलगा आला, उंच, अवघडून बसलेला, बोलायला बुजणारा. त्याच्या मामानं "दगडं?" असं म्हणत कपाळाला आठ्या घातल्या. तो मुलगा मात्र जरा विचारात पडला, त्यानं ओसरीभर नजर फिरवली आणि आत्याला विचारलं, "केवढी मोठी दगडं?"

आत्या वळली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.